कांचनची जागल

वाठोलीच्या हाऊसमध्ये एक रीत होती. ओळ संपली की बाईनं आपल्या जोडीदारणीच्या मानेला, केसांच्या खाली, उलटा हात लावायचा. उलटा अशासाठी, की तळहात मिरचीच्या पाल्यानं आणि क्रेटच्या कडांनी राठ झालेला असायचा, त्याला काही कळायचं नाही. "गार हायस," म्हटलं की पुढच्या ओळीला लागायचं. "तापलीस," म्हटलं की मुकाट्यानं बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीजवळ सावलीला बसायचं. त्यावर हुज्जत नाही. ही रीत कुणी घालून दिली ते कुणाला ठाऊक नव्हतं. कंपनीनं घातली नव्हती एवढं मात्र खरं. कंपनीला असलं काही सुचत असतं तर आणखी काय पाहिजे होतं?

हाऊस म्हणजे पॉलीहाऊस. माणदेशातल्या ज्या माळावर पूर्वी मेंढरांशिवाय कुणी फिरकत नव्हतं, तिथं आता प्लास्टिकच्या छताची लांबच लांब घरं उभी होती. आत ढोबळी मिरची; लाल, पिवळी, नारिंगी. माणसापेक्षा उंच वाढलेली झाडं, छतापासून सोडलेल्या दोऱ्या, आणि प्रत्येक ओळीला दोन बाया, एक अलीकडून, एक पलीकडून. फुटवे खुडायचे, शेंडा दोरीला गुंडाळायचा, पिकलेलं फळ कात्रीनं तोडून क्रेटमध्ये टाकायचं, भरलेला क्रेट कमरेवर घेऊन ट्रॉलीपर्यंत न्यायचा. कीड येऊ नये म्हणून बाजूचे पडदे बंद. पंखे वीज असेल तेव्हा. उन्हाळा तर आता संक्रांत झाली की मानगुटीवर बसायचा तो दिवाळीपर्यंत उतरायचा नाही. उकाड्याला टिकणारी मिरचीची नवी जात काढली होती म्हणे. बायांची तशी जात काढायची तेवढी राहिली होती.

कांचन वाघमोडे आणि शाहीन मुलाणी यांची जोडी पहिल्यापासूनची. कांचन पंचेचाळिशीची, अंगानं थोराड, कमी बोलणारी. शाहीन तिच्याहून चार-दोन वर्षांनी लहान, काटकुळी, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. नवरा अपघातात गेल्यावर ती आणि सासू मुमताजचाची अशा दोघीच घरात. त्या दोघींचं भांडण ऐकायला गल्ली थांबायची आणि भांडण संपलं की दोघी एका ताटात जेवायच्या. सुपरवायझर खिलारेची नक्कल शाहीननं करावी. मिरचीच्या झाडाआडून "बायांनो, टारगेट, टारगेट!" असा हुबेहूब आवाज आला की पलीकडच्या ओळीतल्या बाया दचकून हात चालवायला लागायच्या. कांचन हसायची नाही, पण तिचे खांदे हलायचे.

कांचनची मागच्या वर्षापासून एक वेगळीच पंचाईत झाली होती. पाळी जायला लागली होती. बसल्या जागी छातीतून एकदम जाळ उठायचा, मानेवरून कानापर्यंत चढायचा, आणि अंग घामानं निथळायचं. घरात एक वेळ चालून जायचं. हाऊसमध्ये, दुपारच्या भरात तो जाळ उठला की तिला वाटायचं, आता हे प्लास्टिक फाडून बाहेर पळावं. बोलायची सोय नाही. नवरा सुहास दुधाचा टँकर चालवायचा, माणूस भला, पण त्याला सांगितलं तर म्हणायचा, "ताक पी."

त्याच साली पट्टी आली.

कंपनीनं पॅकहाऊसमध्ये, म्हणजे तोडलेली मिरची खोक्यांत भरायच्या शेडमध्ये, सगळ्या बायांना बसवून घेतलं. पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, प्रभुदेसाई नावाच्या. सुती साडी, साधं बोलणं. त्यांनी हातात एक पट्टी धरली, आपण जखमेवर लावतो तेवढीच.

"आपल्या अंगात उष्णतेचं काम दोन ठिकाणी चालतं," त्या म्हणाल्या. "एक मेंदूच्या तळाशी. तिथं रक्त किती तापलंय हे बघून घाम सोडला जातो. हे तुम्हाला न विचारता होतं. दुसरं काम कातडीत आणि नसांमध्ये. तिथं डोळ्यांना न दिसणारी बारीक दारं असतात. ऊब लागली की ती उघडतात आणि मनाला निरोप जातो, की उकडतंय, बस, सावलीला जा. या पट्टीतलं औषध त्या दारांना आतून कडी घालतं. निरोपच जात नाही. घाम येत राहील, पण जीव कासावीस होणार नाही."

"भाकरी करताना तव्याला हात लागला तर?" कुणीतरी विचारलं.

"भाजण्याची दारं वेगळी. त्यांना आपण हात लावत नाही. चटका कळेल. ऊब मात्र कळणार नाही." मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "एक लक्षात घ्या. ताप कमी होत नाही, फक्त कळत नाही. म्हणून पाणी तहान लागायची वाट न बघता प्यायचं. विसाव्याचा भोंगा झाला की बसायचंच. आणि पट्टी काढली तरी औषध तीन-चार दिवस अंगात राहतं. हे औषध खरं तर पाळी जाताना बायांना जो दाह होतो त्यासाठी शोधलेलं होतं."

कांचननं मान वर केली. एवढ्या सगळ्या बोलण्यातलं हे शेवटचं वाक्य तिनं पक्कं धरलं. बाकीचं खिलारेच्या टाळ्यांत आणि चहाच्या कपांच्या आवाजात गेलं.

पट्टी कमरेला, नाडीच्या जरा वर लावायची. पहिल्या दिवशी हाऊसमध्ये शिरताना कांचननं सवयीनं श्वास रोखला आणि मग सोडला. काहीच नाही! छत तेच, ऊन तेच, ब्लाउज पाठीला चिकटलेलाही तसाच, पण उकाडा कुणीतरी काढून नेला होता. छातीतला जाळही गेला. ती भर दुपारी ओळीत उभी राहिली आणि तिला रडूच आलं, सुखानं.

"अगं बया, रडतीस काय? माहेरची आठवण झाली का?" शाहीन पलीकडून म्हणाली.

"थंडी वाजतीया," कांचन म्हणाली. दोघी खो खो हसल्या. कांचन मोठ्यानं हसलेली शाहीननं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मग हळूहळू एकेक लक्षात येऊ लागलं. चहा वाफाळता आहे की कपात पडून निवलाय, जिभेला सारखंच. अंघोळीचं पाणी नुसतं ओलं. हिवाळ्यात पहाटे गोधडीत शिरून झोपण्यातली मजा गेली. गोधडी म्हणजे अंगावरचं वजन. सुहास एकदा कूस बदलून तिचा हात हातात घेऊन पडला होता. पूर्वी त्याच्या हाताची ऊब तिला आवडायची, त्याला ती कधी बोलली नव्हती, पण आवडायची. आता नुसता हात. तो काय बोलत होता ते तिला ऐकू येत होतं, कळतही होतं, पण सगळं दुसऱ्याच्या घरात चाललंय असं वाटत होतं. "तुला काय झालंय काय?" सुहासनं विचारलं. "कुठं काय?" ती म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं. तिला दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, काहीच होत नव्हतं. या वयात याच्यापेक्षा जास्त काय मागायचं, असं तिचं मत झालं होतं.

बाकीच्या बायांचंही थोड्याफार फरकानं तसंच. हाऊसमधली बडबड कमी झाली. काम वाढलं. खिलारेची बढती झाली.

पण एक गोष्ट मात्र कुणाच्या डोक्यात आली नाही. ओळ संपली की मानेला हात लावायची रीत तशीच चालू राहिली. सगळ्यांच्या हातांना सगळ्यांच्या माना गारच लागायच्या, आणि सगळ्या बाया एकमेकींना मनापासून "गार हायस" सांगत पुढच्या ओळीला लागायच्या. पलीकडच्या हाऊसमधली एक तरणी सून अशीच गार म्हणता म्हणता खाली पडली. वाचली, पण तिची किडनी अधू झाली ती झालीच.

प्रभुदेसाईबाई पुन्हा आल्या. कंपनीनं आधी मनगटाला बांधायची, अंगाचा ताप मोजणारी घड्याळं आणली. ती घामानं आणि फवारणीच्या औषधानं आठवडाभरात भलतेसलते आकडे दाखवायला लागली. एका घड्याळानं तर बाईचा ताप तिच्या आजीच्या पिढीतल्या थर्मामीटरला सोसणार नाही एवढा दाखवला. शेवटी बाईंनीच बायांना त्यांची रीत विचारून घेतली आणि म्हणाल्या, "हीच चांगली आहे. फक्त जोडीतल्या एकीला जागं ठेवा." म्हणजे दोघींपैकी एकीनं पंधरा दिवस पट्टी लावायची नाही. तिला उकाडा कळेल, तिच्या हाताला दुसरीची मान कळेल. ती बस म्हणाली की दोघींनी बसायचं. पंधरा दिवसांनी अदलाबदल. बायांनी ते लगेच आपल्या हिशेबात बसवलं. एकीनं अमावस्येला पट्टी काढायची, दुसरीनं लावायची, पौर्णिमेला उलट. पट्टी उतरायच्या तीन-चार दिवसांत दोघी हाऊसबाहेर, पॅकहाऊसमध्ये. आणि नाव पडलं जागल. रानात राखणीला रात्रभर बसतात त्याला जागल म्हणतात, तसंच हे. जिची जागल, तिच्या डोक्याला कंपनीचा पिवळा रुमाल.

शाहीनची जागल बघण्यासारखी असायची. ती उकाड्याला शिव्या घालत, गाणी म्हणत, दर ओळीला कांचनच्या मानेला हात लावून खाटकानं बोकड तपासावा तशी तपासायची. "तापलीस गं, चल बस." एकदा खिलारे आडवा आला, आत्ताच तर बसला होतात ना, म्हणाला. शाहीननं त्याचा हात धरून कांचनच्या मानेजवळ नेला. "घ्या, तुम्हीच बघा साहेब, परक्या बाईच्या मानेला हात लावा सगळ्यांसमोर." खिलारे जो पळाला तो दोन दिवस त्या हाऊसकडं फिरकला नाही.

कांचनची जागल आली की मात्र तिचे हाल कुत्रं खाईना. पट्टी सुटली की ती बारीक दारं नुसती उघडायची नाहीत, सताड उघडायची. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम आत. त्यात छातीतला जाळ. पहिल्या खेपेला ती दोनदा ओकली. दुसऱ्या खेपेला रोज घरी जाऊन ओल्या फरशीवर पालथी पडायची. पण दोन्ही खेपांना तिनं जागल केली, शाहीनची मान ओळीओळीला बघितली, खोटं बोलली नाही.

तिसऱ्या खेपेला उन्हाळ्याचा कहर होता. अमावस्येला पट्टी काढली. पॅकहाऊसमधले दिवस कसेबसे गेले. हाऊसमधल्या पहिल्याच दिवशी दुपारी जाळ उठला तेव्हा तिनं ओळीतली दोरी दोन्ही हातांनी धरली आणि दात आवळून उभी राहिली. पलीकडून शाहीन गार अंगानं कात्री चालवत म्हणाली, "कांचनताई, सोसत नसंल तर सांग. मी खिलाऱ्याला सांगून जागल माझ्याकडं घेते. मला काय, मी उन्हातच वाळलेली."

"तुझी तर आत्ताच झाली. लगेच परत कशी घेशील?" कांचन म्हणाली. "मला काय झालंय?"

तिला लाज वाटली होती, हे खरं कारण. आपल्यापेक्षा लहान, विधवा, वाळलेली बाई आपल्या वाटणीचा उकाडाही सोसायला निघाली, हे तिला बघवेना. म्हणून तिनं जे केलं ते केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाल्यावर तिनं डब्यातली शिल्लक पट्टी काढली आणि कमरेला लावली. वरून साडी नेसली. डोक्याला पिवळा रुमाल बांधला. आपण डोळ्यांनी बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं. हातच लागतो असं थोडंच आहे? घाम किती येतोय बघू, चाल बघू, तोंड बघू. इतक्या वर्षांची जोडी, शाहीनला काय झालं तर मला कळणार नाही होय? फक्त एवढी एकच जागल. मग खिलारेला सांगून टाकू की मला जमत नाही.

आणि जमलं की! त्या दिवशी जमलं, दुसऱ्या दिवशी जमलं. शाहीन लाल झाली, घामानं भिजली, की कांचन तिला बसवायची. मधल्या वेळेला रीतीप्रमाणे मानेला उलटा हात लावायची. हात मानेला लागायचा. एवढंच. "गार हायस," ती म्हणायची, आणि शाहीन निवांत मनानं पुढच्या ओळीला लागायची.

त्यानंतरच्या एका दिवशी शाहीन सकाळपासून शिंकत होती.

"काय गं, उन्हाळ्यात पडसं?" कांचननं विचारलं.

"सासूनं काल कांदे चिरायला लावले, त्याचं पडसं. मेडिकलमधून गोळी आणलीया. दोन घेतल्या, एकीनं भागंना."

कांचननं ऐकलं आणि सोडून दिलं. सर्दीच्या गोळीत काय असतं, कुणाला ठाऊक असणार? प्रभुदेसाईबाईंनी मागून सांगितलं, तेव्हा कळलं. त्या जातीच्या गोळीनं नाक सुकतं, डोळे सुकतात, आणि घामही सुकतो. नाकाला पाझरायला सांगणाऱ्या आणि घामाला सुटायला सांगणाऱ्या नसा एकाच भाषेत बोलतात, गोळी त्या भाषेचंच तोंड बंद करते. आणि घाम गेला की अंगातला ताप बाहेर पडायची वाटच बंद.

दुपारी कांचननं झाडाआडून पाहिलं. शाहीनचं तोंड कोरडं होतं. कपाळ कोरडं. ब्लाउजची पाठ कोरडी. आज हिला घामसुद्धा नाही, कांचनला वाटलं, आज बरी आहे. तिला बरंच वाटलं. ओळ संपली. तिनं रुमाल सारखा केला आणि शाहीनच्या मानेला उलटा हात लावला.

"गार हाय न्हवं मी?" शाहीननं विचारलं. डोकं दुखतंय असं काहीतरी ती मघाशी म्हणाली होती.

"बर्फ," कांचन म्हणाली.

पुढच्या ओळीच्या मध्यावर शाहीननं तिला "शमाबाजी" अशी हाक मारली. शमा ही शाहीनची थोरली बहीण, मरून बरीच वर्षं झालेली. शाहीन नेहमीच कुणाची ना कुणाची नक्कल करायची, म्हणून कांचननं खांदे हलवले. शाहीन पुन्हा म्हणाली, "शमाबाजी, दार लाव. वारं लई सुटलंय." मग तिच्या हातातली कात्री खाली पडली. मग ती पडली, पाच-सहा झाडं दोऱ्यांसकट घेऊन.

कांचननं तिला मांडीवर घेतलं. बाया धावत आल्या. ज्यांची जागल होती त्यातल्या एकीनं शाहीनच्या गालाला हात लावला आणि किंचाळून मागं घेतला. "आगं आई गं! तवा झालाय हिचा!" ती कांचनकडं बघायला लागली. कांचनच्या मांडीवर शाहीनचं डोकं होतं आणि कांचनला फक्त डोक्याचं वजन लागत होतं.

टाकीचं पाणी ओतलं, पॅकहाऊसमधला बर्फ काखेत घातला, गाडी काढली. दहिवडीचा दवाखाना गाठायच्या आत शाहीन गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात खिलारे कांचनजवळ आला. बिचारा रडत होता.

"जागल कुणाची होती?"

"माझी."

"मान बघितली होती?"

"बघितली होती."

"मग?"

"गार लागली," कांचन म्हणाली. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

खिलारेनं डोळे पुसले. "मग तुझा काय दोष? एकाएकी झालं. सर्दीच्या गोळीनं झालं म्हणे." प्रभुदेसाईबाई फोनवर हेच म्हणाल्या. असं क्वचित फार झपाट्यानं चढतं, जागलीच्या बाईलाही सापडत नाही. बायांनी कांचनला धरून बसवलं, पाणी पाजलं. सुहास टँकर वाटेत सोडून आला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. सगळे तिलाच सांभाळत होते. तिला रडायचं होतं. शाहीनसाठी ऊर फुटेस्तोवर रडायचं होतं. रडू येत नव्हतं. व्हरांड्यातली फरशी, सुहासचा हात, पाण्याचा पेला, सगळं एकसारखं लागत होतं. मोरीत जाऊन तिनं कमरेची पट्टी ओरबाडून काढली आणि चुरगाळून टाकून दिली. त्यानं लगेच काही होणार नव्हतं, हे तिला माहीत होतं.

डॉक्टरांची चिरफाड आटोपून मयत दुसऱ्या दिवशी घरी आली. मुलाण्याच्या गल्लीत निम्मं गाव जमलं होतं. पुरुष बाहेर, बाया अंगणात. आत नात्यातल्या तिघीजणी शाहीनला अंघोळ घालायच्या तयारीत होत्या. चादरी धरून आडोसा केला होता. अंगणात चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं, त्यात बोरीचा पाला. जाळ सारायला कांचन बसली होती. तिला कुणी बसवलं नव्हतं, आल्यापासून ती तिथंच होती.

मुमताजचाची घरातून बाहेर आली. वाकलेली, पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. ती रडत नव्हती. रडून झालं होतं. कांचनच्या शेजारी ती उकिडवी बसली आणि पातेल्याकडं बघत राहिली.

"कढवू नकोस," चाची म्हणाली. "मयतीला गरम पाणी चालत नाही. तिला सोसत नाही, तिला सांगता येत नाही. कोमट पाहिजे. बाळाला घालतो तेवढंच."

"व्हय चाची." कांचननं लाकडं मागं ओढली.

"माझ्या हाताला काय कळत नाही आता. चुरमुऱ्याच्या भट्टीवर जन्म गेला, बोटं मेली सगळी. म्हणून तुझ्याकडं आले." चाचीनं कांचनचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उलटा केला. "शाहीन म्हणायची, कांचनताईच्या जागलीला मी डोळे मिटून काम करते. तिच्या हाताला सगळं कळतं. बघ बाई. तूच बघ. तिला शेवटचं तूच बघ."

कांचननं हात पाण्यात घातला.

पाणी ओलं होतं. बोरीची पानं मनगटाला घासून गेली. चटका बसत नव्हता, म्हणजे उकळतं नव्हतं. त्यापुढं काहीच नाही. कोमट असेल. त्याच्या दुप्पट गरमही असेल. तिनं हात खोल नेला, कोपरापर्यंत, बोटं पसरली, तळाशी फिरवली. वाफ दिसते का बघितलं. दुपारच्या उन्हात वाफ दिसत नव्हती. चादरीच्या आडोशाकडं तिनं एकदा बघितलं. ठीक आहे म्हणायचं, बास. दोन शब्द. काल-परवा दर ओळीला म्हणतच होती. आतल्या बाया तांबे भरभरून नेतील आणि शाहीनच्या अंगावर ओततील, आणि शाहीन काही बोलणार नाही.

"चाची," ती म्हणाली. हात तिनं तसाच पाण्यात ठेवला.

"बोल की. गरम हाय का?"

"मला कळंना," कांचन म्हणाली. "चाची, मला कळत नाही."

चाचीनं आधी पाण्याकडं बघितलं. मग कांचनच्या हाताकडं, मग तोंडाकडं. म्हातारीला समजायला वेळ लागला. शाहीननं घरी येऊन रोजचं सगळं सांगितलेलं असायचं. पट्टी कशी, रुमाल कसा, अमावस्येला काय आणि पौर्णिमेला काय.

"जागल तर तुझी होती ना?" चाचीनं विचारलं.

"व्हय."

चाची ओरडली नाही. तिनं कांचनचं मनगट धरलं आणि तिचा हात पाण्यातून बाहेर काढला. मग चादरीच्या आडोशाकडं तोंड करून तिनं हाक मारली, "अगं, पाणी बघायला दुसरी कुणीतरी या."